सेफारिया: ‘तालमूदमध्ये लिहिलंय’ म्हणणाऱ्याला पान विचारा

यरुशलेमच्या मंदिरात महायाजक वर्षातून एकदा परमपवित्र स्थानात शिरायचा, तेव्हा त्याच्या पायाला दोर बांधलेला असायचा. आत तो मेला, तर बाहेरच्यांना ओढून काढता यावं म्हणून. ही गोष्ट प्रवचनांत, बायबलच्या अभ्यासवर्गांत आणि फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजांत हमखास भेटते. पुरावा म्हणून शेवटी ‘असं तालमूदमध्ये लिहिलं आहे’ एवढं जोडलेलं असतं. (तालमूद म्हणजे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा प्राचीन संग्रह.) पान कुणी सांगत नाही. सांगणार कुठून, तालमूदमध्ये ते नाहीच.

हे घरबसल्या आणि फुकट तपासायची जागा म्हणजे सेफारिया हे ज्यू ग्रंथांचं संकेतस्थळ. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (महायाजक आत शिरायचा तो हाच दिवस) सगळा विधी तालमूदच्या ‘योमा’ या प्रबंधात आहे. तो उघडून पाचव्या अध्यायाची पहिली मिश्ना वाचा. (मिश्ना म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेला नियमसंग्रह, आणि त्यातला एकेक परिच्छेदही.) महायाजक आत धूप ठेवतो, बाहेर येतो आणि बाहेरच्या दालनात छोटीशी प्रार्थना करतो. छोटीशीच का, तर उशीर झाला तर बाहेरचे लोक घाबरतील. म्हणजे भीती होती, दोर नव्हता. दोर सापडतो तो ‘जोहर’मध्ये, आणि तोही सोन्याचा. जोहर हा गूढवादी ग्रंथ 13 व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. मंदिर पडलं इ.स. 70 मध्ये. मधली बाराशे वर्षं मेसेजमध्ये कुणी धरत नाही.

सेफारियाची सुरुवात 2011 मध्ये जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर या दोघांनी केली. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते, जाहिराती नाहीत, आणि वाचायला नावनोंदणीही लागत नाही. तनाख (म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात ते हिब्रू बायबल), मिश्ना, बाबिलोनी आणि यरुशलेमी असे दोन्ही तालमूद, मिद्राश (बायबलवरची रब्बींची विवरणं), राशीपासून पुढचे टीकाकार (म्हणजे भाष्यकार), धर्मशास्त्राच्या संहिता, जोहर आणि जोसेफसचा इतिहास असं सगळं एका छताखाली आहे. (राशी म्हणजे मेष-वृषभ नव्हे. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे रब्बी श्लोमो यित्झहाकी, 1040 ते 1105, यांच्या नावाच्या आद्याक्षरांतून हे संक्षिप्त नाव झालं.) संकेतस्थळाची भाषा इंग्रजी किंवा हिब्रू. हिब्रू येत नसेल तर साधारण बरं इंग्रजी हवंच.

पहिली अडचण येते ती पान उघडण्यात. तालमूदचा संदर्भ ‘बावा मेत्सिया 59 बी’ असा दिलेला असतो. आपल्याकडच्या सुट्या पानांच्या पोथ्या पाहिलेल्यांना हे पटकन कळेल: आकडा पत्राचा, म्हणजे अख्ख्या कागदाचा आहे, बाजूचा नाही. ए म्हणजे पत्राची पुढची बाजू, बी म्हणजे मागची. छापील हिब्रू संदर्भात आकड्यापुढे एक टिंब असेल तर पुढची बाजू, दोन असतील तर मागची. पानांची ही आखणी व्हेनिसमध्ये 1520 ते 1523 या काळात डॅनिएल बॉम्बर्ग या ख्रिस्ती छापखानेवाल्याने पक्की केली, आणि त्यानंतरच्या आवृत्त्या ती पाळत आल्या. म्हणून बाबिलोनी तालमूदच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधाचं पहिलं पान 2 ए असतं. 1 मुखपृष्ठाला गेला. ‘अमुक प्रबंध, 1 ए’ असा हवाला कुणी दिला, तर शोधायचे कष्टसुद्धा घेऊ नका.

आकड्यापुढे सी किंवा डी दिसला तर तो बाबिलोनी तालमूद नव्हे, यरुशलेमी. त्याच्या व्हेनिस आवृत्तीत प्रत्येक पत्राला चार रकाने होते. सेफारियावर यरुशलेमी तालमूद अध्याय आणि हलाखा (नियमाचा परिच्छेद) या क्रमाने लावला आहे. त्यामुळे जुन्या लेखातला ‘22 सी’ असा हवाला घेऊन आलात, तर त्याचा अध्याय कुठला हे आधी काढून ठेवा. या भागाला गुगेनहाइमर यांचं इंग्रजी भाषांतर आणि तळटिपा आहेत. त्या तळटिपा न वाचता यरुशलेमी वाचणं म्हणजे अर्धं संभाषण दाराआडून ऐकणं.

बाबिलोनी तालमूदचं इंग्रजी आहे ते अदिन स्टाइनसाल्झ (1937–2020) यांच्या आवृत्तीचं. सेफारियाने 2017 पासून ते सगळ्यांना खुलं केलं, आणि या संकेतस्थळावरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पण इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. या भाषांतरात ठळक अक्षरं म्हणजे मूळ अरामी-हिब्रूचा अनुवाद आणि साधी अक्षरं म्हणजे स्टाइनसाल्झ यांनी घातलेला खुलासा. मूळ मजकूर तारेसारखा तुटक आहे. ‘तो त्यांना म्हणाला’ एवढंच असतं. तो कोण, ते कोण, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. त्यामुळे खुलासा लागतोच. घोळ होतो तो मजकूर उचलून व्हॉट्सअॅपवर किंवा साध्या फाइलमध्ये चिकटवताना. ठळकपणा गळून पडतो, आणि विसाव्या शतकातल्या रब्बींची वाक्यं पाचव्या-सहाव्या शतकातल्या तालमूदच्या नावावर जमा होतात. उतारा द्यायचाच असेल तर आधी फक्त ठळक शब्द सलग वाचून बघा आणि तेवढेच उचला.

सरावाला बावा मेत्सिया 59 बी उत्तम. वाद आहे एका भट्टीचा. मातीची भट्टी आडवी कापून तिची कडी करायची, कड्यांमध्ये वाळू भरायची. आता ती एकसंध भांडं धरायची की तुकडे? तुकडे धरले तर तिला विटाळ लागत नाही. रब्बी एलिएझर म्हणतात शुद्ध, बाकीचे म्हणतात अशुद्ध. एलिएझर चमत्कारांवर येतात. खरनूबाचं झाड उपटून शंभर हात लांब जातं, आणि लगेच मजकूर म्हणतो, ‘कोणी म्हणतात चारशे हात’. पाण्याचा पाट उलटा वाहतो. पाठशाळेच्या भिंती झुकतात. शेवटी आकाशवाणीच एलिएझरांच्या बाजूने होते. त्यावर रब्बी यहोशुआ उभे राहून बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले (30:12) शब्द फेकतात: ‘ते आकाशात नाही.’ निर्णय बहुमताचा. पुढे एलिया संदेष्टा सांगतो की देव तेव्हा हसला आणि म्हणाला, माझ्या पोरांनी मला हरवलं. चमत्काराच्या ऐन मध्यात शंभर की चारशे हा पाठभेद नोंदवून ठेवणारा ग्रंथ आहे हा. त्याची चव ठळक अक्षरांतच कळते. भट्टीची रचना नीट समजत नसेल तर मिश्नाच्या ‘केलीम’ प्रबंधात 5:10 वर जा.

तिथे जायला वेगळं काही शोधावं लागत नाही. कुठल्याही वाक्यावर टिचकी मारली की बाजूला एक पट्टी उघडते: या वाक्यावर कोणकोणत्या टीका आहेत, तनाखमधलं कोणतं वचन इथे आलं आहे, पुढच्या कोणत्या ग्रंथाने हे उद्धृत केलं, प्रत्येकापुढे संख्या. छापील तालमूदमध्ये मधोमध मूळ, आतल्या बाजूला राशी आणि बाहेरच्या बाजूला ‘तोसाफोत’ ही टीका असते. आपल्या पोथ्यांत मधे मूळ आणि वर-खाली टीका लिहायची पद्धत होती, तसंच काहीसं. शिवाय छापील राशी वेगळ्या वळणाच्या अक्षरांत असतो. त्याला ‘राशी लिपी’ म्हणतात, पण ती राशींची नव्हे. त्यांच्या मृत्यूनंतर साडेतीनशेहून जास्त वर्षांनी मुद्रकांनी स्फार्दी (स्पेनकडच्या ज्यूंच्या) हस्ताक्षरावरून ते खिळे पाडले. सेफारियावर राशी साध्या चौकोनी हिब्रू अक्षरांत मिळतो. नवशिक्याचे काही महिने इथेच वाचतात. हिब्रू शब्दावर दोनदा टिचकी मारली तर कोशातला अर्थही येतो. त्यात जास्त्रोचा 1903 चा तालमूदी कोश आहे. तो एकेका शब्दाला पाच-सहा अर्थ देतो, पहिलाच उचलून पुढे जाऊ नये.

या पट्टीचा खरा कस लागतो तो उत्खननातल्या वस्तू आणि ग्रंथ एकमेकांसमोर ठेवताना. हिज्किया राजाचा बोगदा घ्या. यरुशलेममध्ये गीहोन झऱ्याचं पाणी गावात आणणारा, खडकातून खोदलेला हा बोगदा 533 मीटरचा आहे. दोन्ही टोकांकडून खणत आलेले कामगार मधे कसे भेटले, याचा सहा ओळींचा शिलालेख 1880 मध्ये आत सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. बायबलमध्ये 2 राजे 20:20 आणि 2 इतिहास 32:30 इथे हे काम राजाची कर्तबगारी म्हणून येतं. बोगदा पाहून आलेले इथेच थांबतात. तुम्ही ‘पसाखीम 56 ए’ उघडा. हिज्कियाने सहा गोष्टी केल्या, तीन ऋषींना मान्य झाल्या, तीन झाल्या नाहीत. पितळी सर्प फोडला, ते मान्य. औषधांचा ग्रंथ लपवला, तेही मान्य. बापाची हाडं दोरांच्या तिरडीवरून ओढत नेली, मान्य. अमान्य तीन: मंदिराची दारं कापून अश्शूरच्या राजाला धाडली, नीसान महिन्यात अधिक महिना धरला, आणि गीहोनचं पाणी बुजवलं. इंजिनियरिंगचा नमुना म्हणून मिरवला जाणारा बोगदा रब्बींच्या यादीत चुकांच्या रकान्यात आहे! टीकाकारांचं म्हणणं असं की देवाने नगराचं रक्षण करीन म्हटलं होतं, मग झरा बुजवायची घाई कशाला.

पण हे दुवे काही प्रमाणात माणसांनी आणि काही प्रमाणात संगणकाने जोडलेले आहेत. जिथे वचन शब्दशः उद्धृत झालं आहे तिथे ते बहुधा सापडतात. नुसता विषय आला असेल, तर सुटूही शकतात. पट्टीत शून्य दिसलं म्हणून ‘रब्बींनी यावर काही म्हटलं नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

शोधखिडकीचंही तसंच. इंग्रजीत शोधलं की फक्त भाषांतर झालेला मजकूर चाळला जातो, आणि इथल्या कितीतरी ग्रंथांना भाषांतरच नाही. नावांची लेखनपद्धतही आड येते. स्टाइनसाल्झ आवृत्ती ‘यहोशुआ’, ‘येहुदा’ अशी हिब्रू वळणाची रूपं लिहिते. जुन्या इंग्रजी पुस्तकांतला ‘जोशुआ’ टाकलात तर हवं ते हाती लागणार नाही. हिब्रूत शोधायचं तर ‘आणि’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘ला’ यांची अक्षरं शब्दाच्या पुढेच चिकटतात. मराठीत ‘घरात’, ‘घराला’ अशी मागे चिकटतात, तिकडे पुढे. म्हणून तंतोतंत जुळणीचा पर्याय चालू ठेवून एकच रूप शोधलं तर निम्मा माल निसटतो. आधी तो बंद ठेवून शोधा, मग ग्रंथप्रकाराची गाळणी लावा आणि निकाल कालक्रमाने लावून पाहा. वरची दोराची गोष्ट कालक्रमाने पाहिली की ती किती उशिरा उगवली हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मराठी बायबल हाताशी घेऊन बसणाऱ्यांना आणखी एक ठेच लागते: अध्याय-वचनांचे आकडे जुळत नाहीत. सेफारिया हिब्रू परंपरेचे आकडे वापरतं, मराठी पवित्र शास्त्र प्रोटेस्टंट. मलाखीचे आपल्याकडे 4 अध्याय, तिथे 3. ‘मी एलिया संदेष्ट्यास तुमच्याकडे पाठवीन’ हे आपलं मलाखी 4:5, तिथलं 3:23. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्या एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं जातं, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात, तोच हा. त्याचं वचन चौथ्या अध्यायात शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल. योएलचं उलट आहे: आपले 3, तिथे 4, आणि आपलं 2:28 तिथे 3:1. यशया 9:6 तिथे 9:5 होतं. स्तोत्रांत शीर्षकाची ओळही वचन म्हणून मोजतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी एकाचा फरक पडतो, आणि स्तोत्र 51 मध्ये चक्क दोनाचा, कारण तिथलं शीर्षक लांबलचक आहे. न जुळलं तर एक-दोन वचनं पुढे-मागे बघा, अध्यायाच्या टोकाशी असाल तर शेजारचा अध्यायही.

भाषांतर कोणाचं हे प्रत्येक वेळी पाहायची सवय लावा. एकाच ग्रंथाची अनेक भाषांतरं असतात. बाजूच्या पट्टीत त्यांची यादी मिळते: अनुवादक, आवृत्ती, परवाना. स्टाइनसाल्झसारखं संपादित काम आणि वाचकांनी मिळून केलेलं ‘सामुदायिक भाषांतर’ पडद्यावर सारख्याच रुबाबात दिसतात. दोन्हींच्या दर्जात फार अंतर असू शकतं. वाचकांनी तयार केलेल्या संदर्भपत्रिकांचंही तेच: विषयाची तोंडओळख व्हायला छान, हवाला द्यायला नाहीत. पत्रिकेतल्या उताऱ्यावरून मूळ पानावर जा आणि मागचं-पुढचं वाचा. तालमूदमध्ये एखादं मत मांडलं जातं ते पुष्कळदा पुढच्या चार ओळींत खोडून काढण्यासाठीच.

तालमूदच्या नावाने विषारी अवतरणंही फिरतात, त्यांचा निकाल लावायला हे साधन फार कामाचं आहे. ‘लिब्रे डेव्हिड 37’ असा हवाला देणारं एक वाक्य वर्षानुवर्षं चालू आहे. या नावाचा प्रबंध तालमूदमध्ये नाहीच. मिश्नाचे 63 प्रबंध आहेत, त्यातल्या 37 वर बाबिलोनी गमारा (मिश्नावरची चर्चा) आहे. नाव त्या यादीत आहे का, पत्राला ए-बी आहे का, आणि ते वाक्य ठळक अक्षरांत आहे का, एवढ्या तीन चाचण्यांत बहुतेक बनावट माल बाहेर पडतो. उलटही होतं: खोटं वाटणारं अस्सल निघतं. बराखोत 6 ए मध्ये भुतं ओळखायची कृती आहे. चाळलेली राख खाटेभोवती पसरा, सकाळी कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतील. प्रत्यक्ष पाहायचीच असतील तर काळ्या मांजरीची वार जाळून, कुटून डोळ्यात घालायची. मांजरही पहिल्या वेतातली, आणि तिची आईसुद्धा काळी आणि पहिल्या वेतातलीच. बीबी बर अबाय्ये यांनी ते केलं, त्यांना इजा झाली, आणि ऋषींनी प्रार्थना केली तेव्हा ते बरे झाले. सगळं ठळक अक्षरांत.

उणं काय? पानाचा चेहरा. वाक्यांचे तुकडे एकाखाली एक येतात, त्यामुळे विल्नाच्या प्रचलित छापील आवृत्तीच्या पानावर डोळ्यांना जी जागा लक्षात राहते (‘डावीकडे खाली, राशीच्या कोपऱ्यात’) ती इथे बनत नाही. पाठांतराला हे वाईट. विल्नाचं पान हवं असेल तर हिब्रूबुक्स या संकेतस्थळावर स्कॅन पाहा. मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन हस्तलिखित गुंडाळ्यांचे फोटो इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याच्या लिओन लेव्ही डिजिटल ग्रंथालयात आहेत, आणि यशयाची 7.34 मीटरची मोठी गुंडाळी इस्राएल म्युझियमच्या संकेतस्थळावर. सेफारियाचा जीव आहे मजकुरात, वस्तूंत नाही.

रोजचं वाचन लावायचं तर मुखपृष्ठाजवळच दिनक्रम आहे. त्यातलं ‘दफ योमी’ म्हणजे रोज एक पत्र, 2,711 दिवसांत तालमूद पुरा. हा क्रम रब्बी मेइर शपिरा यांनी 1923 मध्ये व्हिएन्नात सुचवला. चौदावं आवर्तन 5 जानेवारी 2020 ला सुरू झालं, ते 7 जून 2027 ला संपेल. फोनच्या अॅपमध्ये ग्रंथ उतरवून घेता येतात, प्रवासात नेट नसलं तरी चालतं. सगळं ग्रंथालय उतरवण्याऐवजी आधी तनाख आणि तालमूद एवढेच गठ्ठे घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अॅपने सुटणार नाही. 1968 मध्ये मंदिराच्या टेकडीच्या नैऋत्य कोपऱ्यापाशी पुरातत्त्वज्ञ बेंजामिन मझार यांना वरून कोसळलेला एक दगड सापडला, ‘तुतारी फुंकण्याच्या जागेकडे’ अशा अर्थाची तुटकी हिब्रू अक्षरं कोरलेला. शब्बात 35 बी त्याच्याशेजारी ठेवून वाचा. शुक्रवारी संध्याकाळी सहा फुंका असत. पहिलीला शेतातली माणसं काम थांबवत, दुसरीला दुकानं बंद, तिसरीला दिवा लावायचा. मग एखादा छोटा मासा भाजून होईल इतका वेळ थांबून शेवटच्या तीन, की शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागला. त्या क्षणापासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत धर्म पाळणारा ज्यू फोनला हात लावत नाही. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, ते याच नियमामुळे. म्हणजे अभ्यासाला सगळ्यात जास्त फुरसत असते त्याच दिवशी सेफारिया बंद. म्हणून शुक्रवारी दुपारीच हवी ती पानं छापून ठेवतात. छपाईचा पर्याय संदर्भपत्रिकांना आहे. छापण्याआधी तिथे ‘मूळ आणि भाषांतर’ असं दोन्ही निवडा, नाहीतर कागदावर एकच भाषा येते.